दुखत नाही असे दुखणे

मराठी भाषेत शरीराच्या पीडेसाठी शब्दांचा तुटवडा नाही. डोके ठणकते, गळू ठसठसते, पाठीत उसण भरते, छातीत कळ येते, गुडघ्यात चमक निघते, पोटरीत गोळा येतो, मांडीला रग लागते, तळवे चुरचुरतात, बोटांना मुंग्या येतात आणि दिवसभराच्या कष्टाने सारे अंग आंबून जाते. यातील एक शब्द काढून तेथे दुसरा बसवता येत नाही. अनुभवी डॉक्टर रुग्णाचे क्रियापद ऐकूनच अर्धे निदान करतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. एवढी समृद्धी असूनही एका व्याधीपाशी आपली भाषा अडखळते. आणि रुग्णाची भाषा अडखळली की वैद्याचे ज्ञानही कसे वाट चुकते, हे आम्ही गेली अनेक वर्षे आमच्या घरात पाहिले.

इंग्रजीत या व्याधीला 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की थोड्याच वेळात पोटऱ्यांच्या आत, कातडीवर नव्हे तर खोल, हाडाला लागून, काहीतरी वळवळू लागते. ते दुखत नाही. खाजत नाही. पाय बधिरही होत नाही. फक्त तो हलवल्यावाचून राहवत नाही. हलवला की क्षणभर सुटका, स्थिर ठेवला की पुन्हा तेच. उठून चालू लागावे तर सारे नाहीसे होते, आणि अंथरुणावर परतावे तर ते जणू तेथेच वाट पाहत बसलेले असते. पहाटे, देवळात काकड आरतीची वेळ होत आली की, ओहोटी लागते आणि दोन-अडीच तासांची झोप मिळते. दुसऱ्या दिवशी अकराचा तास असतोच.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. पंढरपुरातच नोकरी आणि संसार. व्याधी आमच्यातील एकीची आहे. पण रात्री दोघांच्या गेल्या आणि दवाखाने दोघांनी पाहिले, म्हणून येथे 'आम्ही' असेच म्हणतो.

पंढरपूर हे एका अर्थाने पायांचे गाव आहे. आषाढीला आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत आलेले पाय येथे पोहोचतात. त्या पायांना तेल लावणारे, ते चेपून देणारे, फोडांना मलमपट्टी करणारे हात वाटेवर ठिकठिकाणी असतात, तसे येथेही असतात. चालून थकलेल्या पायांचे दुःख या गावाला उपजत कळते. परंतु चालताना सुखी असणारे आणि विसावले की छळू लागणारे पाय ही गोष्ट कोणाच्याच अनुभवाच्या चौकटीत बसत नाही. ती सांगितली तर ऐकणारा हसून म्हणतो, 'चालणे कमी पडत असेल.' घरातील वडीलधारी मंडळी तर लहानपणापासून बजावत आलेली असतात की, बसल्या जागी पाय हलवू नये, लक्ष्मी जाते. म्हणजे आजाराचे लक्षण हे वळण नसल्याचे लक्षण ठरते.

ज्या आमच्यातील रुग्ण, त्यांच्या आईंनाही हीच व्याधी होती. त्यांचे आयुष्य मंगळवेढ्यास गेले. रात्री त्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या पोटऱ्यांना घट्ट बांधून निजत. सुटीत नातवंडे जमली की 'या रे, जरा पाय तुडवा' म्हणून पालथ्या पडत, आणि मुले भिंतीचा आधार घेऊन आजीच्या पोटऱ्यांवर नाचत. कीर्तनाला त्या कधी बसल्या नाहीत. सभामंडपात मागच्या खांबाशी उभ्या राहून ऐकत, मधूनच एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत. बायका म्हणत, 'काय भक्ती आहे, उभ्याने कीर्तन ऐकतात.' त्यांना बसवत नव्हते, एवढेच ते होते. २०११ मध्ये त्या गेल्या. ज्या दुखण्याने त्यांच्या चाळीस वर्षांच्या रात्री खाल्ल्या, त्याचे नाव त्यांच्या कानावर एकदाही पडले नाही.

लेकीला पहिला अनुभव २००६ मध्ये आला, थोरलीच्या वेळी, सातव्या महिन्यात. 'बाळंतपणानंतर जाईल' असे सांगण्यात आले आणि ते खरेही ठरले. गरोदरपणात ही लक्षणे पुष्कळ स्त्रियांत उद्भवतात आणि बहुधा प्रसूतीनंतर ओसरतात. मात्र अशा स्त्रियांत ती पुढील आयुष्यात परतण्याचा संभव अधिक असतो, हे तेव्हा कोणी सांगितले नाही. २०१४ मध्ये ती परतली.

त्यानंतरची चार वर्षे ही एका वाक्याची कहाणी आहे. ते वाक्य म्हणजे 'पाय दुखतात.' दवाखान्यात शिरल्यावर 'काय होतंय?' या प्रश्नाला देता येण्याजोगे मराठी उत्तर तेवढेच असते. केसपेपरवर तेच दोन शब्द उतरतात, आणि पुढचा सारा प्रवास त्या दोन शब्दांच्या मागे जातो. कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, ब-१२ ची इंजेक्शने झाली. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढला. त्यात चाळिशीकडे झुकलेल्या कोणाच्याही मणक्यात सापडावी तशी किंचित झीज सापडली आणि तिलाच दोष देण्यात आला. शिरांची सोनोग्राफी झाली. साखर तपासली. एका ठिकाणी 'मॅडम, पेपर तपासायचे दिवस आहेत, टेन्शन घेऊ नका' असे सांगून अॅमिट्रिप्टिलिन नावाची गोळी रात्रीसाठी दिली. मज्जातंतूंच्या वेदनेवर ती उपयोगी आहे. पण या व्याधीत ती आणि नैराश्यावरील इतर अनेक औषधे लक्षणे वाढवू शकतात. रात्री अधिक लांबल्या. सर्दीच्या गोळीतील गुंगी आणणारे घटक आणि उलटी थांबवणारे मेटोक्लोप्रामाइड यांचाही असाच उलटा परिणाम होऊ शकतो, हे फार उशिरा कळले. यातील कोणीही डॉक्टर निष्काळजी नव्हते. ते दुखणाऱ्या पायांवर उपचार करत होते, आणि हे पाय दुखत नव्हते.

येथे या व्याधीची आणखी एक खोड सांगितली पाहिजे. ती सायंकाळी जागी होते. ओपीडी सकाळी असते. अकरा वाजता डॉक्टर हातोडीने गुडघा ठोकून पाहतात, टाचणी टोचून विचारतात, पाय वाकवून पाहतात. सारे उत्तम असते. रक्त, क्ष-किरण, एमआरआय यांपैकी कशातही ती दिसत नाही. तिचे निदान केवळ रुग्णाच्या सांगण्यावरून होते. शिवाय जाणत्या डॉक्टरापर्यंत पोहोचण्याची वाटच तिला पोसणारी असते. पंढरपूरकरांनी मोठ्या दुखण्याला परंपरेने दोन-तीन दिशा धरल्या. सोलापूर सत्तर-बहात्तर किलोमीटरवर. तेथे १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. मिरजेस विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनचे रुग्णालय उभारले, तेव्हापासून तिकडची वाट मळलेली. आणि पुणे, एसटीने पाच-सहा तास. ज्याला संध्याकाळनंतर अर्धा तास स्थिर बसवत नाही, त्याने परतीच्या रात्रीच्या गाडीत खिडकीच्या सीटवर सहा तास अडकून काढायचे, म्हणजे औषध आणायला जाताना रोग विकत घेण्यासारखेच. आम्ही नेहमी वाटेकडची, दाराजवळची सीट घेत असू, आणि टेंभुर्णीनंतर आमच्यातील एक कंडक्टरशेजारी उभी असे.

२०१८ मध्ये एका मोठ्या शहरातील मेंदूविकारतज्ज्ञांनी दोन मिनिटांत नाव सांगितले. नाव मिळण्याचा आनंद काय असतो, हे शब्दांवर उपजीविका करणाऱ्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही. बारा वर्षांचा संशय, की हे आपल्या मनाचे खेळ असावेत, त्या दोन मिनिटांत संपला. त्यांनी प्रॅमिपेक्सोल नावाची अगदी बारीक गोळी लिहून दिली. मेंदूतील डोपामाइन या द्रव्याची नक्कल करणारे हे औषध मुळात कंपवातावरचे. अमेरिकेत या वर्गातील रोपिनिरोलला २००५ मध्ये आणि प्रॅमिपेक्सोलला २००६ मध्ये अस्वस्थ पायांसाठी मान्यता मिळाली होती. पहिल्याच रात्री सलग सात तास झोप लागली. सकाळी आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत बसलो.

हे सुख दोन वर्षे टिकले. मग रात्री दहाची वळवळ आठला सुरू होऊ लागली, नंतर सहाला, नंतर दुपारी चारच्या तासाला. मात्रा वाढवली की महिनाभर बरे, पुढे पुन्हा तेच. आणि एके दिवशी हात वळवळू लागले. या प्रकाराला वैद्यकात 'ऑगमेंटेशन' म्हणतात: जे औषध लक्षणे शमवते, तेच काही काळाने ती वाढवते. रिचर्ड अॅलन आणि ख्रिस्तोफर अर्ली या अमेरिकी संशोधकांनी लिव्होडोपा या औषधाच्या संदर्भात १९९६ मध्येच हे नोंदवले होते. याच वर्गातील औषधांनी काही रुग्णांना जुगाराची, खरेदीची अनावर ओढ लागते, हेही ज्ञात आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर ही औषधे सर्रास वापरू नयेत, असाच सल्ला दिला. एकेकाळी पहिल्या पसंतीचे औषध वीस वर्षांत मागच्या रांगेत गेले. पण ती बातमी सर्व केसपेपरांपर्यंत अद्याप पोहोचलेली नाही.

वास्तविक ही व्याधी नवी नाही. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये लॅटिनमध्ये तिचे वर्णन केले. छळयंत्रावर चढवलेल्या माणसाला जेवढी झोप लागेल तेवढीही या रुग्णांना लागत नाही, असा त्याचा आशय आहे. ते अफूचा अर्क देत. नंतर पावणेतीन शतके जवळजवळ शांतता. १९४५ मध्ये कार्ल-अॅक्सेल एकबॉम या स्वीडिश मेंदूविकारतज्ज्ञांनी तिच्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला आणि आजचे नाव दिले. १९५३ मध्ये नॉर्डलँडर या दुसऱ्या स्वीडिश डॉक्टरांनी शिरेतून लोह देऊन रुग्णांना बरे वाटल्याचे नोंदवले. हे वर्ष वाचकांनी लक्षात ठेवावे. 'अस्वस्थ पाय' हे नाव ऐकून लोक हसतात म्हणून पुढे 'विलिस-एकबॉम व्याधी' असे भारदस्त नाव सुचवले गेले. ते फारसे रुजले नाही. दुःखाला प्रतिष्ठा मिळवण्यासाठी नाव बदलावे लागणे, हा अनुभव भाषेच्या विद्यार्थ्यांना परका नाही.

२०२२ मध्ये सोलापुरातील एका फिजिशियनकडे आम्ही दुसऱ्याच कारणाने, खोकल्यासाठी, गेलो. चालू औषधांच्या यादीत प्रॅमिपेक्सोल पाहून त्यांनी पेन खाली ठेवले आणि प्रश्न विचारले. पाय हलवावासा वाटतो का? बसल्यावर, निजल्यावर वाढते का? हलवल्याने, चालल्याने थांबते का? सायंकाळी आणि रात्री अधिक असते का? हे प्रश्न त्यांचे स्वतःचे नव्हते. आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने १९९५ मध्ये निदानाचे निकष ठरवले आणि पुढे दोनदा सुधारले, त्यांचाच हा गाभा होता. त्यात आता पाचवा निकष आहे, की पेटके, संधिवात, पायांची सूज असे दुसरे कारण नसावे. पण मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो आठ वर्षांत कोणीही विचारला नव्हता: 'मॅडम, फेरिटिन कधी केलंय?'

हिमोग्लोबिन अनेकदा झाले होते आणि ते १२ च्या वर होते. त्यामुळे 'रक्त चांगले आहे' हा शेरा प्रत्येक कागदावर होता. फेरिटिन म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज. कोठारातले धान्य संपत आले तरी स्वयंपाकघरातले डबे काही काळ भरलेले राहतात, तसे हिमोग्लोबिनचे असते. आमचे फेरिटिन आले १४. अहवालावर ते 'सामान्य' या रकान्यातच होते, कारण पुष्कळ प्रयोगशाळांच्या तक्त्यात दहा-अकरापासून पुढचा आकडा सामान्य छापलेला असतो. या व्याधीत मात्र तो ७५ च्या आत असेल तर लोह देण्याचा विचार करावा, असे आजच्या सूचना सांगतात. अॅलन आणि अर्ली यांच्या गटाने या रुग्णांच्या मेंदूत, विशेषतः डोपामाइनशी निगडित भागात, लोह कमी पडत असल्याचे दाखवले आहे. रक्तात ते पुरेसे असतानाही तसे असू शकते. म्हणजे १९५३ मध्ये नॉर्डलँडर यांनी जे पाहिले, त्याचा धागा येथे जुळतो.

शिरेतून लोह देण्यात आले. प्रॅमिपेक्सोल एकदम बंद करता येत नाही. ते पाच महिन्यांत टप्प्याटप्प्याने उतरवले, आणि ते पाच महिने कठीण गेले. गॅबापेंटिन सुरू झाले. त्याने थोडी गुंगी येते, वजनही वाढते. व्याधी गेलेली नाही. तथापि आठवड्यातील पाच रात्री झोप लागते आणि हात शांत आहेत. फेरतपासणी बहुतेक वेळा व्हिडिओवर होते. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरवैद्यकाचे नियम घालून दिल्यापासून ते सोपे झाले आहे. रात्रीची एसटी सुटली.

या साऱ्यातून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात असे. जाणता डॉक्टर म्हणजे अपरिहार्यपणे मोठ्या शहरातला वा मोठ्या पदवीचा नव्हे. ज्याने आम्हाला नाव दिले तो आणि ज्याने फेरिटिन विचारले तो, दोघेही जाणतेच. परंतु दुसऱ्याचे ज्ञान ताजे होते आणि प्रश्नाच्या रूपात होते. ही तपासणी तालुक्याच्या गावीही होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक रक्तक्षयी आढळल्या. ज्या राज्यात लोहाची अशी दैना आहे, तेथे 'रात्री पाय वळवळतात' हे वाक्य उच्चारणारी बाई दुर्मिळ कशी असेल? ती असणारच, फक्त तिने 'पाय दुखतात' म्हटले असणार आणि तिला कॅल्शियम मिळाले असणार. मूत्रपिंडाच्या विकारात, डायलिसिसवर असणाऱ्यांत ही व्याधी बरीच आढळते. तेही बहुधा असेच काहीतरी म्हणत असतील. लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने घेणे मात्र धोक्याचे आहे. काहींच्या शरीरात लोह आधीच अधिक असते आणि साठलेले लोह इजा करते. आधी तपासणी, मग डॉक्टर, मग लोह, हाच क्रम योग्य.

अध्यापकांच्या हातून दुसरे काय होणार? आम्ही पाच वाक्यांचा एक कागद तयार केला. 'माझे पाय दुखत नाहीत, आतून वळवळतात आणि हलवावेसे वाटतात. बसल्यावर, निजल्यावर हे सुरू होते. चालल्यावर थांबते. संध्याकाळनंतर वाढते. माझे फेरिटिन पाहावे का आणि मी घेत असलेल्या गोळ्यांमुळे हे वाढत असेल का?' पहिल्या वाक्यातील नकार आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'वळवळतात' हे क्रियापद निवडण्यापूर्वी 'सळसळतात', 'फुरफुरतात', 'हुळहुळतात' यांवर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी मंगळवेढ्याच्या आजींचा शब्द ठेवला, कारण तो ऐकून मराठी माणूस हसत नाही, शहारतो. ओळखीच्या दोन डॉक्टरांनी तो कागद आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

व्याधी पुष्कळदा घराण्यात उतरते. थोरली आता पुण्यास वसतिगृहात असते. गेल्या दिवाळीनंतर तिचा फोन आला. अभ्यासिकेत रात्री बसवत नाही, म्हणाली, आणि 'आई, आजीसारखं होतंय.' आम्ही तिला तो कागद पाठवला. तिने तो तेथील डॉक्टरांना वाचून दाखवला. तपासणी त्याच आठवड्यात झाली, फेरिटिन ९ निघाले, आणि लोह सुरू झाले. तिच्या आजीला चाळीस वर्षांत जे मिळाले नाही आणि आईला सोळा वर्षांनी मिळाले, ते तिला सहा दिवसांत मिळाले.